छोट्या गटाचा डबा भरलेला जातो, भरलेलाच परत येतो

कर्वेनगरची आई
मुलगी साडेतीन वर्षांची, जूनपासून छोट्या गटात जाते. शाळा ९ ते १२, खाऊची सुट्टी साडेदहाला. शाळेने कागद दिलाय: सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी पोहे नाहीतर उपमा, गुरुवारी फळ, शुक्रवारी आवडीचा खाऊ. बिस्किटं, वेफर्स, नूडल्स बंद. त्याबद्दल तक्रार नाहीच. पण पोळी-भाजी जशीच्या तशी घरी येते, उसळ जेमतेम चमचाभर संपते. घरी हीच पोरगी मटकीची उसळ वाटीभर खाते (मी भरवते तेव्हा). हिमोग्लोबिन थोडं कमी आलं म्हणून डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलंय, त्यामुळे शाळेतून आल्या आल्या सासूबाई आधी डबा उघडून बघतात. साडेआठला त्या तिला मोठा मग भरून चॉकलेट पावडरचं दूध देतात, तेवढाच काय तो आधार. मला साडेसातला हिंजवडीची बस गाठायची असते, डब्याला फार तर अर्धा तास. पौष्टिकही असेल आणि संपेलही, असं काय देऊ?

दोन मुलांचा बाबा
गुरुवारचं फळ म्हणून सीताफळ देऊ नका एवढंच अनुभवाने सांगतो. बाकी जाणकार सांगतीलच.

बालवाडीताई
मी कोथरूडला बालवाडीत शिकवते. रोज पंचवीसेक डबे माझ्यासमोर उघडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो मग. साडेआठला मगभर दूध प्यायलं की साडेदहाला भूक लागणार कुठून? एवढंसं पोट ते. वर दूध फार झालं की लोहाची बाजू लंगडी पडते. दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि त्यातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. दिवसभराचं दूध अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, सकाळी अर्धा कप पुरे. औषध दुधाबरोबर देत असाल तर तेही थांबवा, वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता घरी वाटीभर खाते त्याचं. घरी तुम्ही भरवता. इथे ती एकटी, हातात पंधरा मिनिटं, त्यातली पाच शेजारणीच्या डब्यात काय आहे ते बघण्यात जातात. पोळी एका हाताने धरायची, दुसऱ्याने तोडायची, त्यात भाजी पकडायची, ती न सांडता तोंडापर्यंत न्यायची. या वयाच्या बोटांना एवढं सगळं जमत नाही हो. मुलं पोळीची कड कुरतडतात आणि झाकण लावून मोकळी होतात. उसळीचा रस फ्रॉकवर सांडला की रडारड, मग डबा राहतो बाजूलाच. तेव्हा बोटांनी उचलता येईल आणि दोन-तीन घासांत संपेल असंच द्या.

उसळ म्हणजे वाटीतलीच उसळ असं शाळाही धरून बसत नाही, आमच्याकडे तरी नाही. रात्री मूग भिजत घाला, सकाळी आलं-जिरं घालून वाटा, चिमूटभर हळद, कोथिंबीर, आणि तिच्या तळहाताएवढी चार धिरडी काढा. तव्यावर एका वेळी चारही मावतात. किंवा आदल्या रात्रीची मटकी रवीने घोटून थालीपिठाच्या भाजणीत मळा. पोळी-भाजीच्या दिवशी मेथी किंवा पालक बारीक चिरून कणकेतच घाला, वर तूप लावून घट्ट गुंडाळी करा आणि सरळ कात्रीने तीन तुकडे करा. एक मात्र पाळा: पोळी ताटलीत पूर्ण निवू द्या, मगच डबा बंद करा. गरम बंद केली की वाफेचं पाणी सुटतं, खालची पोळी गिच्च होते आणि मुलं तिला हातही लावत नाहीत.

पोह्यांतले अख्खे शेंगदाणे वगळा, त्याऐवजी कूट घाला. अख्खे दाणे, फुटाणे, पॉपकॉर्न पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनळीत अडकू शकतात, आणि वर्गात मुलं गप्प बसून खात नाहीत, हसत-उड्या मारत खातात. द्राक्षं उभी चिरून, चार फोडी करून. लिंबू मात्र पोह्यांवर जरूर पिळा. कडधान्यं, पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला 'क' जीवनसत्त्वाची मदत होते. धिरड्यांबरोबरही बिया काढलेल्या पेरूच्या दोन फोडी ठेवा.

नाचणीचे लाडू सुचवणारे येतीलच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, धान्य उत्तमच. पण लाडू रोज म्हणजे गूळ रोज, आणि गुळात लोह असतं म्हणून लाडवांचा मारा करू नये, शरीराच्या लेखी ती साखरच. नाचणीची आंबोळी करा.

आणि डब्याचं झाकण तिला स्वतःला उघडता येतं का ते बघा. चारी बाजूंनी कड्या लावलेले डबे आम्हा मोठ्यांनाही दमवतात.

सदाशिव पेठेतली आजी
ताईंनी भात वगळला, आमचा त्यावरच जीव. मऊ भात गार झाला की दुधातच कालवायचा, दही फक्त चमचाभर. डब्यात जाईपर्यंत दूध, सुट्टीपर्यंत दही, आंबट होत नाही. चमच्याने खाता येत असेल तर द्या. सासूबाईंना माझा निरोप: नातीसमोर रोज डबा तपासू नका, पोरगी डबा लपवायला शिकेल. आमच्याकडे शिकली होती.

कर्वेनगरची आई
निरोप पोचवला, थोडा सौम्य करून! दूध कमी केलंय. मंगळवारी मुगाची चार धिरडी दिली, एक परत आलं. डबा तुळशीबागेतून साधा स्टीलचा आणला, दुकानातच तिला उघडायला लावलं, दुकानदार वैतागला. ताई, एक विचारायचं राहिलं. शुक्रवारी ती फक्त तूप-साखर-पोळी मागते. पौष्टिकतेचं काय?

बालवाडीताई
द्या की. साखर थोडी हात आखडून भुरभुरवा आणि गुंडाळीचं खालचं टोक दुमडा, नाहीतर सगळी साखर आमच्या सतरंजीवर.