मोंबासाच्या ओल्ड टाऊनमधलं २००० शिलिंगवालं गेस्टहाऊस, बायकोला घेऊन राहावं का?

तापीकाठचा (भुसावळ)

राम राम मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. भाचा केनियात नैरोबीला नोकरीला आहे, दोन वर्षं झाली, मामा या मामी या करून डोकं खाल्लं त्याने, शेवटी जानेवारीची तिकिटं काढली. नैरोबीत त्याच्याकडेच राहू पण हिला समुद्र पाहायचाय आणि मला तिकडची रेल्वे, सगळी नोकरी लोको शेडात गेली माझी, नैरोबी-मोंबासा गाडीत बसल्याशिवाय काही मी परत येत नाही. म्हणून मोंबासाला ५ रात्री ठरवल्या. भाचा म्हणतो डायनी बीचला रिसॉर्ट घ्या, त्याचे दर पाहिले तर एका रात्रीत आमचा दोन महिन्यांचा किराणा येतो. मग मीच शोधत बसलो तर ओल्ड टाऊनमधे एक गेस्टहाऊस सापडलं, डबल रूम २००० शिलिंग नाश्त्यासकट, म्हणजे आपले साधारण १३०० रुपये. फोटो छान, मच्छरदाणी आहे, गच्ची आहे. रिव्ह्यू वाचले तर एक म्हणतो स्वर्ग, दुसरा म्हणतो नळाला खारं पाणी, तिसरा म्हणतो रात्रभर घामात भिजलो. आता कोणाचं खरं धरावं?

मी ५८ चा, ही ५४ ची, हिचे गुडघे कुरकुरतात, दोघं शाकाहारी. उन्हाचं म्हणाल तर भुसावळचे आहोत, ४६ डिग्री पाहिलीय, मोंबासाला ३२-३३ दाखवतं, त्याची काही भीती नाही. कोणी राहून आलं असेल तर खरं खरं सांगा.

पांझराकाठी (धुळे)

भाऊ, सगळ्यात आधी ते ४६ डिग्रीचं डोक्यातून काढा. मी पण हेच बोलत गेलो होतो. आपल्याकडचं ऊन कोरडं, घाम आला की वाळतो, संध्याकाळी अंगणात पाणी मारलं, कूलर लावला की विषय संपला. मोंबासाला घाम वाळतच नाही. सकाळी धुतलेला टॉवेल संध्याकाळी ओला, बिस्किटाचा पुडा उघडा राहिला तर तासात मऊ. तिथे कूलर काही कामाचा नाही कारण हवेतच इतकं पाणी आहे. ३२ डिग्रीत मी असा हापलो की मे महिन्यात कधी हापलो नाही.

मी मागच्या फेब्रुवारीत ६ रात्री राहिलो, ओल्ड टाऊनमधेच, असंच गेस्टहाऊस, तुमचं तेच की दुसरं माहीत नाही. पहिल्या दोन रात्री पहिल्या मजल्यावरची मागची खोली दिली. खिडकी उघडली की हात लांब करून समोरच्या घराच्या भिंतीला लावता येतो एवढी गल्ली. पंखा गरगर फिरतोय पण तीच हवा इकडून तिकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी मालकाला म्हटलं बाबा मी चाललो, तर त्याने गपचूप वरच्या मजल्यावरची खोली उघडून दिली, २०० शिलिंग जास्त. तिथे त्या रात्री पायाशी चादर घेऊन झोपलो. डिसेंबर ते मार्च तिकडे ईशान्येकडून वारा वाहतो, कास्काझी म्हणतात त्याला, जुनी गलबतं याच वाऱ्यावर आपल्याकडून तिकडे जायची. तो वारा ज्या खिडकीत शिरतो ती खोली स्वर्ग आणि ज्या खिडकीत शिरत नाही ती भट्टी. म्हणजे तुमचे ते दोन्ही रिव्ह्यू खरे, खोल्या वेगळ्या असतील.

त्यामुळे रूम डबल आहे का सिंगल हे नंतर विचारा, कितव्या मजल्यावर आहे आणि खिडकी कोणीकडे उघडते ते आधी विचारा. आता अडचण अशी की वहिनींचे गुडघे. ती घरं प्रवाळाच्या दगडाची आणि चुन्याची, भिंती हातभर जाड, आणि जिने आपल्या जुन्या वाड्यातल्या माडीसारखे, उभे आणि अंधारे, एक पायरी वीतभर तर दुसरी दीड वीत. सगळ्यात वरची खोली घेतली तर दिवसातून चार वेळा चढउतार. मधला मजला मागा.

खाऱ्या पाण्याचं पण खरं आहे. मोंबासा बेट आहे, गोडं पाणी लांबून पाइपाने येतं आणि रोज येत नाही, मग जुन्या वस्तीत विहिरीचं पाणी वापरतात ते मचूळ लागतं. साबणाला फेस येत नाही, केसांचा झाडू होतो. पिवळे २० लिटरचे कॅन हातगाडीवर लादून पाणीवाले गल्लीगल्ली फिरतात. पण आपल्याला काय त्याचं नवल, आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावातली माणसं आपण, एका बादलीत अंघोळ कशी करायची ते जन्मापासून येतं. फक्त मालकाला विचारा टाकी केवढी आहे, आणि प्यायचं पाणी तो देतो का विकत घ्यावं लागतं.

नाश्त्याचं सांगायचं राहिलं. नाव ऐकून घाबरू नका, महामरी. वेलची घातलेली, जरा गोडसर, तळून टम्म फुगलेली त्रिकोणी पुरीच समजा. आणि तिच्यासोबत म्बाझी. वाटी समोर आली, एक घास खाल्ला आणि म्हटलं ही तर तूर! अख्खी तूर नारळाच्या दुधात शिजवलेली. तिकडच्या शेतात होते आणि तिकडची तूर आपल्या बाजारात पण येते, भाव पाडते म्हणून आपणच बोंबलतो. घरी फोन करून सांगितलं की आफ्रिकेत येऊन तूर खाऊ राह्यलो, तर म्हातारी म्हणे मग गेला कशाला एवढ्या लांब.

केळीबाग (रावेर)

काय भो, आपला माणूस मोंबासाले चालना! पण मी म्हणतो लाखाच्या वर तिकिटांना घालवायचे आणि झोपायला १३०० ची खोली, हे गणित मला तरी समजत नाही. न्यालीकडे, म्हणजे बेटापलीकडच्या नव्या वस्तीत, एसी फ्लॅट मिळतात दिवसावर, लिफ्ट असते, किचन असतं, वहिनी भाकरी टाकतील. पाच दिवसांत दहा-बारा हजार वाचवून काय बंगला बांधणार. वय बघा जरा.

चाळीसगावची ताई

केळीबाग दादा, वहिनी मोंबासाला जाऊन भाकरी टाकतील, वा. सुट्टी कोणाची आहे नक्की?

आणि तापीकाठचे काका, बायकोला घेऊन राहावं का असं आम्हाला विचारताय, काकूंना विचारलंय का? मी आणि माझी नणंद दोघीच गेलो होतो, ४ रात्री, अशाच गेस्टहाऊसला, आणि मला न्यालीपेक्षा तेच बरं वाटलं. खाली ओट्यावर मालकाची आई बसलेली असायची दिवसभर, कोण आलं कोण गेलं सगळं तिला माहीत. अशी ओट्यावर बसणारी बाई ज्या घरात आहे तिथे बिनधास्त राहावं, रिसेप्शनवरच्या कॅमेऱ्यापेक्षा भारी काम असतं ते.

पण एक फरक लक्षात ठेवा. तिकडे बोर्डिंग लॉजिंग अशा पाट्या दिसतील, अगदी आपल्या बस स्टँडच्या बाजूला असतात तशा, आणि त्यातल्या बऱ्याच जागा पण तशाच असतात, एक-दोन तासांच्या गिऱ्हाइकांच्या. तिथे नको. घरगुती गेस्टहाऊस पाहिजे. आणि होतेली लिहिलेलं दिसलं तर ती राहायची जागा नाही, स्वाहिलीत होतेली म्हणजे खानावळ, चहाचं दुकान. म्हणजे आपण शेवभाजी खायला हॉटेलात जातो तसंच. गोऱ्या लोकांचा घोळ होतो, आपला नाही झाला.

बाथरूम खोलीला लागून आहे का शेअरिंग हे लेखी विचारून घ्या. माझ्या बुकिंगमधे अटॅच्ड लिहिलेलं आणि निघालं गॅलरीच्या टोकाला, दोन खोल्यांत मिळून एक. रात्री गुडघेवाल्या माणसाला ते अवघड. आतून कडी लागते का ते पोहोचल्या पोहोचल्या बघा, मी स्वतःचं छोटं कुलूप नेलं होतं. मच्छरदाणीला भोकं असतात, सुईदोरा ठेवा, खरंच सांगते. किनाऱ्याला मलेरिया आहे, नैरोबी उंचावर असल्याने तिथे त्रास कमी, म्हणून भाचा म्हणेल काही होत नाही मामी, त्याचं ऐकू नका, डॉक्टरांना विचारून गोळ्या न्या.

ओल्ड टाऊन जुनी मुसलमान वस्ती आहे. सुती साडी, पंजाबी ड्रेस घातला तर कोणी वळून पण बघत नाही. पहाटे अजान होते, ज्याला झोपेची अडचण त्याने कापूस न्यावा, मला तर गजर लावायची गरज पडली नाही. रमजानात दिवसा खायची पंचाईत होते पण तुम्ही जानेवारीत चाललात. रात्री नऊनंतर गल्ल्या सामसूम, रिक्षा आत येत नाही, तेव्हा मालकाला फोन करायचा, तो पोरगा पाठवतो कोपऱ्यापर्यंत. मोबाईल हातात नाचवत चालायचं नाही, एवढं पाळलं तर काही त्रास नाही.

जेवणाची काळजी सोडा. गुजराती लोक पिढ्यान् पिढ्या आहेत तिथे, लंगोनी रोडला जैन देरासर आहे, शाकाहारी थाळी मिळते. शिवाय रस्त्यावर भजी, चपाती, तिखटमीठ-लिंबू लावलेला भाजका कसावा नावाचा कंद. उगाली मात्र मला जमली नाही, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, बिनमिठाचा.

आणि महत्त्वाचं, यलो फीव्हरची लस! केनियाहून परत येताना आपल्याच एअरपोर्टवर सर्टिफिकेट मागतात, नसलं तर ६ दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात. लस घेतल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावू नका. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही दवाखान्यात मिळेल असं समजू नका, सरकारने ठरवलेल्या केंद्रावरच मिळते, आम्ही मुंबईला जाऊन घेतली.

तापीकाठचा (भुसावळ)

ताई हात जोडले, ही इथे बाजूला बसून वाचते आहे आणि ‘सुट्टी कोणाची’ वर इतकी हसली की मला आता भाकरीचा शब्द काढायची सोय राहिली नाही. लसीचं भाच्याने सांगितलंच नव्हतं. केळीबाग भाऊ, एसी फ्लॅट घेऊन खिडकी लावून बसायचं तर मग भुसावळ काय वाईट.

रेल्वेचं कोणी सांगा ना.

मीटरगेज

काका मी सांगतो, रेल्वेचा किडा मला पण आहे. तुम्ही बसाल ती मदारका एक्सप्रेस, २०१७ ला सुरू झाली, चिनी लोकांनी बांधलेली, स्टँडर्ड गेज म्हणजे १४३५ मिमी, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा अरुंद, डिझेल इंजिन. पाच-सहा तासांत पोहोचवते. इकॉनॉमीचं तिकीट १५०० शिलिंग झालंय, म्हणजे तुमच्या गेस्टहाऊसच्या रात्रीच्या जवळपास. ऑनलाइन बुकिंगचे पैसे एम-पेसाने (तिकडे मोबाईलवरून पैसे भरतात ते) भरता येतात, भाच्याला सांगा. स्टेशनवर तासभर आधी जा, सामान ओळीने ठेवून कुत्र्यांकडून हुंगवतात, आपल्यासारखं चालत्या गाडीत चढायचं काम नाही. त्सावोच्या अभयारण्यातून जाते गाडी, खिडकीतून हत्ती दिसले मला, लाल मातीने माखलेले.

पण खरी गंमत जुनी लाइन. १८९६ ला मोंबासापासून इंग्रजांनी काम सुरू केलं, मीटरगेज, १९०१ ला व्हिक्टोरिया तलावापर्यंत पोहोचली. त्यासाठी हिंदुस्थानातून ३० हजारांवर मजूर नेले होते. अडीच हजाराच्या आसपास तिथेच मेले, १८९८ ला त्सावोत नरभक्षक सिंहांनी कामगारांना तंबूतून ओढून नेलं ते वेगळंच.

मोंबासाचं नवीन स्टेशन गावात नाही, मिरितिनीला आहे, बेटाच्या बाहेर. तिथे उतरल्यावर टॅक्सीवाले अंगावर येतात, भाव आधी ठरवा नाहीतर गेस्टहाऊसलाच गाडी पाठवायला सांगा.

पांझराकाठी (धुळे)

एक राहिलंच. वेळेचा घोळ. स्वाहिलीत घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात. विषुववृत्त जवळ असल्याने बारा महिने सूर्य साधारण सहा ते साडेसहाच्या दरम्यानच उगवतो, मग आपले ७ म्हणजे त्यांचा एक, ८ म्हणजे दोन. इंग्रजीत बोललात तर ते आपलंच घड्याळ सांगतात. मी शहाणा, चार आकडे शिकून गेलो होतो, बोटवाल्याला स्वाहिलीत विचारलं किती वाजता निघणार, तो म्हणे सा म्बिली. म्बिली म्हणजे दोन, मला कोण आनंद. दुपारी दोनला डबा-बिबा घेऊन धक्क्यावर हजर, बोट सकाळी ८ लाच गेलेली, माझे ॲडव्हान्सचे १००० शिलिंग पण बोटीसोबत गेले. तेव्हा काका, भाषा एक तर पूर्ण शिका नाहीतर अजिबात शिकू नका.

आणि प्लास्टिकच्या कॅरीबॅगा नेऊ नका, २०१७ पासून बंदी आहे, दंड जबर. आपण शेव, चिवडा सगळं कॅरीबॅगेत बांधतो ते आधी सोडवा. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो, अडॅप्टर इथूनच घ्या.

तापीकाठचा (भुसावळ)

मंडळी, अपडेट. गेस्टहाऊसच्या मालकाशी व्हॉट्सॲपवर बोललो. मजला, खिडकी, टाकी, बाथरूम, सगळं विचारलं. तो बिचारा पाच मिनिटं गप्प झाला, मग त्याने जिन्याचा व्हिडिओच पाठवला, खालपासून वरपर्यंत. हिने तो तीनदा थांबवून थांबवून पायऱ्या मोजल्या, दुसऱ्या मजल्यापर्यंत २९. म्हणे मधे बसायला कट्टा आहे, जमेल. खिडकी बंदराकडे. बाथरूम लागून आहे, पाणी खारं आहे असं त्यानेच आधी सांगितलं आणि अंघोळीच्या शेवटी अंगावर घ्यायला गोड्या पाण्याची बादली देतो म्हणाला, यावरूनच हिने पास केला त्याला. २ रात्रींचंच बुकिंग केलंय, पुढच्या तीन तिथे जाऊन ठरवू, केळीबाग भाऊंचा फ्लॅट आहेच मागे.

बिबडे कापडी पिशवीत भरले. फक्त हिचं असं म्हणणं आहे की तुरीत नारळाचं दूध म्हणजे तुरीचं वाटोळं, काळा मसाला न्यायचाच. नेऊ देतात का?

चाळीसगावची ताई

आमचा नेऊ दिला होता, कुटलेला, डब्यात पक्का बंद केलेला. थोडा जास्त घ्या, ओट्यावरच्या आजी डबा हुंगून मागून घेतात.