तंबाखू नाही, फक्त सुपारी. तरीही तोंड उघडत नाही. काय करावे?

प्रश्न (परभणी):
माझा धाकटा भाऊ २८ वर्षांचा असून येथील मोंढ्यात हमाली करतो. तंबाखूला त्याने कधी हात लावला नाही. मात्र मिसरूड फुटल्यापासून सुपारीची पुडी दिवसभर त्याच्या तोंडात असते. दिवाळीपासून ठेच्याचा घास घेतला की तोंडाची आग होते आणि आता जांभई देतानाही जबडा अडतो, त्यामुळे आई त्याला भाकरी दुधात कुस्करून देते. गालाच्या आत पांढुरका चट्टाही दिसतो. गावातील डॉक्टरांनी उष्णतेने तोंड आले आहे असे सांगून गोळ्या दिल्या, पण फरक पडला नाही. नातेवाईक म्हणतात, तंबाखूच नाही तर कर्करोग कसा होईल, आणि तुकडा काढून तपासला तर आजार पसरतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर १ (दंतवैद्य, नांदेड):
नातेवाइकांच्या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि पहिली अधिक घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. सुपारीतील अरेकोलिनमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात, गालाची लवचिकता जाते, आतून बोट फिरवले तर दोरीसारखे पट्टे लागतात आणि तोंड उघडणे कमी होत जाते. हा कर्करोग नव्हे. पण याच भूमीत पुढे कर्करोग उगवू शकतो, म्हणून त्याला कर्करोगपूर्व अवस्था म्हणतात. भावाला स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. ती जात नसतील, तर उशीर करू नका. चट्टा लाल असेल, किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. तपासणीसाठी जागा बधिर करून अगदी लहान तुकडा घेतात. त्याने कर्करोग पसरत नाही. पसरतो तो तपासणी टाळत घालवलेल्या महिन्यांत.

उत्तर २ (आशा कार्यकर्ती, बीड जिल्हा):
आमच्या उपकेंद्रात तिशीपुढच्या लोकांचे तोंड तपासले जाते. भाऊ, तुमचा धाकटा त्या वयात बसत नाही आणि हीच मला सलणारी गोष्ट आहे, कारण पुडीची सवय शाळेच्या वयातच लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत भूक मारण्यासाठी आई मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावते आणि मुलगा सुपारी चघळतो. मिश्रीला कोणी व्यसन म्हणतही नाही. म्हणून तुमच्या आईंचेही तोंड एकदा दाखवून घ्या.

उत्तर ३ (लातूर):
आमच्याकडे हळद आणि तूप लावतात. महिनाभर करून पाहावे.

उत्तर १ कडून:
कृपया तसे करू नका. लेपामुळे आग थोडी कमी वाटेल आणि तेवढ्यावर लोक समाधान मानतात, पण साचलेले तंतू लेपाने विरघळत नाहीत. सुपारी सोडल्यावरही ते पूर्णपणे जात नाहीत. मात्र आजाराची वाढ रोखण्यासाठी सुपारी सोडण्याला पर्याय नाही. त्यासोबत तोंड उघडण्याचे व्यायाम, गालात इंजेक्शने आणि फारच आखडले असेल तर शस्त्रक्रिया, असा क्रम असतो.

प्रश्नकर्ता:
आज बोटे घालून पाहिली, दोनच गेली. तो जायला तयार आहे, पण खर्चाला घाबरतो. कोठे न्यावे?

उत्तर १ कडून:
छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि त्याच शहरात शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. आधी दंत महाविद्यालयात दाखवा. आधार कार्ड आणि शिधापत्रिका सोबत न्या, कारण कर्करोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होऊ शकतात. सुपारी सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. हा क्रमांक तंबाखूसाठी असला, तरी त्याने संकोच करू नये. तोवर त्याला तिखट देऊ नका, आणि खिशातली पुडी आजच काढून घ्या.