कानोव्हाची व्हीनस: देवी की नुसतं निमित्त?

चिंचगूळ: रोमला बोर्गेझे गॅलरीत इटालियन शिल्पकार कानोव्हाची ती व्हीनस, म्हणजे प्रेमाच्या रोमन देवीचं संगमरवरी शिल्प, बघितली (१८०५-०८ची) आणि खरं सांगू, मला त्यात देवी दिसलीच नाही. नेपोलियनची बहीण पाओलिना उशांना टेकून मस्त पसरलीय, हातात सफरचंद दिलं की झाली व्हीनस? बरं, करवून घेणारा तिचा नवराच, कामिल्लो बोर्गेझे. पुराणातलं नाव लावलं की उघडी बाई दिवाणखान्यात ठेवायला कोणाची हरकत नाही, इतकंच ते.

खडूसकाका: अहो नुसतं सफरचंद काय म्हणताय, सर्वात सुंदर कोण या तीन देवींच्या भांडणात ट्रॉयचा राजपुत्र पॅरिसने व्हीनसला दिलेलं ते, म्हणजे निकाल लागलाय, ही जिंकलीय. शिवाय बोर्गेझे मंडळी आपलं मूळ ईनियसपर्यंत (व्हीनसचा मुलगा, ट्रॉयचा वीर) म्हणजे पर्यायाने व्हीनसपर्यंत नेऊन भिडवायची, आपल्याकडे सूर्यवंशी म्हणवून घेतात तसंच. आणि आधी डायना (शिकारीची देवी) करायचं चाललं होतं, ती कपड्यात, पाओलिनानेच हट्ट धरला व्हीनसच पाहिजे म्हणून. मग तक्रार कोणाची?

वाटसरू: मधेच बोलतो. माझं निम्मं लक्ष गादीवरच, कोपराखाली उशी अशी दबलीय की हात लावून बघावासा वाटतो. (लावू नका. २०२० मध्ये इटलीतल्या पोसान्योला, कानोव्हाच्या गावच्या म्युझियममध्ये, एक टुरिस्ट हिच्याच प्लास्टर मॉडेलवर फोटोसाठी रेलला आणि पायाची बोटं तुटली.)

चिंचगूळ: गादी मान्य, कारागिरीवर वाद नाहीच. पण खालच्या बैठकीत शिल्प फिरवायची यंत्रणा होती हो! म्हणजे पाहुणा मेणबत्तीच्या उजेडात एका जागी उभा आणि बाई गोल फिरतेय. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो, इथे देवीलाच फिरवायचं. ह्याला पूजा म्हणायचं का प्रदर्शन?

खडूसकाका: प्रदक्षिणा भारी, पण पॅरिसच्या लूव्र म्युझियममधली कानोव्हाचीच सायकी घ्या, प्रेमदेव क्युपिडची प्रेयसी. तिच्याही पायाजवळ फिरवायला मूठ आहे. समोरून क्युपिड, पंख, आता चुंबन होणार, सगळे फोटो तिथलेच. मागे गेलात की कुपी दिसते, ती उघडली म्हणूनच तर बिचारीला मेल्यासारखी झोप लागली. गोष्टच मागच्या बाजूला ठेवलीय, न फिरवता कळणार कशी?

चिंचगूळ: कुपी मी बघितलीच नव्हती, बरं, सायकी तुमची. पण पाओलिनाच्या मागे जाऊन कोणती गोष्ट कळते ते सांगा. पाठच ना?