चमकणारा हिरवा रंग: आधी कॅमेरा की मॅमोग्राफी?

फोंड्याचा बापू:
मावशीच्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. कर्करोग पसरताना काखेतल्या ज्या लसिकाग्रंथीत (लिम्फ नोड) आधी पोचतो ती, म्हणजे सेंटिनल नोड, सापडावी म्हणून निळा रंग टोचला होता. नंतर लघवी हिरवी-निळी आली, मावशी घाबरून गेली. कोणी आधी सांगितलंच नव्हतं!

माझं म्हणणं, निळ्याऐवजी इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग वापरा. औषध १९५९ पासून मान्य आहे. साधारण ८०० नॅनोमीटरचा प्रकाश ते शोषतं आणि ८३० च्या आसपास चमकतं. या पट्ट्यातला प्रकाश रक्त आणि पाणी फारसं खात नाहीत, म्हणून लसिकेची वाट चिरा देण्याआधीच कातडीखालून दिसते. नुसत्या डोळ्यांना नाही, कॅमेऱ्याला. असा कॅमेरा गोव्यात प्रत्येक कर्करोग ऑपरेशनला हवा.

डिचोलीची सिस्टर:
प्रत्येक? बापू, या रंगाला कर्करोग ओळखता येत नाही. तो रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो आणि रक्तवाहिनी जिथे पाझरते तिथे साचतो. सुजलेला भागही चमकतो. शिवाय सेंटिमीटरभर खोलीच्या पलीकडचं जवळपास दिसतच नाही. एवढ्यावर ‘सगळं निघालं’ म्हणणार कोण?

मडगावचा लॅबवाला:
सिस्टरांचं खरं. यकृताच्या ऑपरेशनला हा रंग काही दिवस आधी देतात. निरोगी यकृत तो पित्तातून टाकून देतं, ट्यूमरपाशी राहतो. पण सिरॉसिस (यकृत कडक होतं तो आजार) असेल तर कर्करोग नसलेल्या साध्या गाठीही चमकतात. कापून काढलेल्या भागाच्या काठांवर कर्करोग उरलाय का, ते शेवटी सूक्ष्मदर्शकच सांगणार.

फोंड्याचा बापू:
मी नोडबद्दल बोललो, तुम्ही ट्यूमरवर गेलात. आणि ट्यूमर ओळखणारे रंगही आलेत की. पाफोलासायनिन हा रंग फोलेट रिसेप्टरला, म्हणजे काही कर्करोगांच्या पेशींवर जास्त असणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. अमेरिकेत २०२१ मध्ये अंडाशयाच्या आणि २०२२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

डिचोलीची सिस्टर:
अमेरिकेत. नोडपुरतं मान्य, नोड शोधायला इंडोसायनिन निळ्यापेक्षा सरस आहे. पण कुपी परवडली तरी कॅमेरा महाग. फ्लुओरेसिन हा दुसरा चमकणारा रंग आणि निळा एलईडी दिवा घेऊनही नोड शोधतात.

मडगावचा लॅबवाला:
शोधतात, पण तो प्रकाश दृश्य पट्ट्यातला, चरबीखालून दिसत नाही. आधी चिरावं लागतं.

डिचोलीची सिस्टर:
असेल. पण आमच्याकडे बायका येतात त्या गाठ कोकमाएवढी झाल्यावर. माझा पैसा मॅमोग्राफीवर (स्तनाचा एक्स-रे) आणि गावोगावच्या तपासणीवर. बापू, मावशीची गाठ कळली कधी?

फोंड्याचा बापू:
चतुर्थीला हाताला लागली होती. दाखवायला नेलं शिगम्यानंतर.