भावना बाजूला ठेवता येतात का?

"भावना बाजूला ठेवल्या तरच गट नीट काम करतो" हे मत मला पटलं नाही. भावना बाजूला राहतच नाहीत. फार तर त्या बोलून दाखवायच्या टाळता येतात, आणि मग त्या आडवाटेने कामात शिरतात.

कामाच्या ठिकाणच्या भावनांचा अभ्यास करणाऱ्या सिगल बारसेड यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. छोट्या गटांना पैसे वाटपाचा निर्णय घ्यायचा होता आणि प्रत्येक गटात एक अभिनेता गुपचूप बसवलेला. तो प्रसन्न असला की ती प्रसन्नता इतरांत पसरे, सहकार्य वाढे, भांडणं कमी होत.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती भीती. गटांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या एमी एडमंडसन यांना रुग्णालयांत उलटंच चित्र दिसलं होतं: चांगल्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त! तिथे माणसं भीतीपोटी चुका लपवत नव्हती, हे त्याचं कारण त्यांना पुढे उमगलं.

आमच्याच गटातलं सांगते. आराखड्यातली एक चूक नवीन आलेल्या मुलीच्या लक्षात आली होती. बैठकीत तिने वही उघडली, त्या ओळीवर बोट ठेवलं, तेवढ्यात प्रमुखांनी दुसऱ्याच कुणाच्या प्रश्नावर वैतागून सुस्कारा सोडला. एवढंच. तिने वही मिटली. पुढे अर्धं काम पुन्हा करावं लागलं. ओरडणं सोडाच, तिला कुणी एक शब्दही बोललं नव्हतं. चूक आधीच दिसली होती, हे तिने मला कितीतरी दिवसांनी सांगितलं, तेही चाचरत.