शब्दचर्चा : उमेदवाराचे ‘चारित्र्य’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीविषयी मराठीत लिहिताना उमेदवाराची धोरणे, त्याचा अनुभव आणि त्याचे चारित्र्य अशी तीन खणांची मांडणी सर्रास केली जाते. यांपैकी ‘चारित्र्य’ हा शब्द मला दर वेळी खटकतो. तिकडे त्या खणात ज्या ज्या गोष्टी घातल्या जातात, त्या सगळ्या आपल्या ‘चारित्र्या’त मावतात का? मावत नसतील, तर कोणता शब्द योजावा?

उत्तर : आपले खटकणे रास्त आहे. ‘अमक्याच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले’ हे वाक्य कानावर पडताच मराठी माणसाच्या मनात पैशांची अफरातफर येत नाही, स्त्री-पुरुष संबंधच येतात. पोलिसांकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला हा याला अपवाद. पण तिथे अर्थ एवढाच की संबंधिताविरुद्ध गुन्ह्याची नोंद नाही. म्हणजे शब्दाचे एक टोक शयनगृहात आणि दुसरे पोलीस ठाण्यात. राज्यकर्त्याची पारख ज्या गुणांवरून व्हायची ते सारे या दोहोंच्या मध्ये पडतात, आणि नेमके तेच रोजच्या वापरातून निसटले आहेत.

1884 च्या निवडणुकीत ही अडचण लख्ख दिसते. डेमोक्रॅटिक पक्षाचे ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्यावर विवाहबाह्य अपत्याचा आरोप झाला, तेव्हा त्यांनी आपल्या पाठीराख्यांना खरे तेच सांगण्याची सूचना दिली. बफेलोचे महापौर आणि न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून त्यांचा कारभार मात्र स्वच्छ मानला जात होता. रिपब्लिकन पक्षाचे जेम्स ब्लेन यांचे घरगुती आयुष्य सर्वसाधारणपणे निष्कलंक मानले जात होते. परंतु रेल्वे कंपन्यांशी असलेल्या त्यांच्या आर्थिक हितसंबंधांची पत्रे उजेडात आली होती, आणि त्यांतल्या एकात तर पत्र जाळून टाकण्याची विनंतीही होती. त्यावर क्लीव्हलँड यांच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की, ज्याचा सार्वजनिक व्यवहार चोख आहे त्याला पदावर पाठवावे आणि ज्याचे खासगी आयुष्य निष्कलंक आहे त्याला खुशाल खासगी आयुष्यात परत धाडावे. न्यूयॉर्क राज्यातल्या हजाराच्या आसपास मतांच्या आघाडीवर क्लीव्हलँड निवडून आले.

आता हाच प्रसंग ‘चारित्र्य’ एवढ्या एकाच शब्दावर सांगून पाहा. क्लीव्हलँड चारित्र्यहीन ठरतात, ब्लेन चारित्र्यवान ठरतात आणि मतदारांनी काय तोलले ते वाचकाला कळतच नाही. त्याऐवजी क्लीव्हलँड यांची सचोटी आणि ब्लेन यांचे खासगी आचरण असे वेगवेगळे शब्द वापरले की सारे उलगडते. म्हणून माझे मत असे की एका शब्दाला दुसरा एकच शब्द शोधत बसू नये. पैसा आणि अधिकार यांच्या वापराबद्दल बोलायचे असेल तर ‘सचोटी’, संकटातल्या वागण्याबद्दल बोलायचे असेल तर ‘धीर’ किंवा ‘तोल’, आश्वासनांबद्दल बोलायचे असेल तर ‘शब्दाला जागणे’, आणि घरच्या गोष्टींबद्दल बोलायचे असेल तर सरळ ‘खासगी आचरण’ म्हणावे.

यावर आक्षेप : ही वाटणी उमेदवाराच्या वकिलांना फार सोयीची आहे, असे नम्रपणे नमूद करतो. माणूस असा तुकड्यातुकड्यांनी पदावर जात नसतो. घरात खोटे बोलणारा दारातही खोटे बोलेल, हा सामान्य मतदाराचा ठोकताळा इतका टाकाऊ आहे का? ‘चारित्र्य’ हा शब्द व्यापक आहे म्हणूनच तो माणसाला सगळा मिळून एक मानतो. अर्थ आकसला असेल तर तो पुन्हा रुंद करावा. शब्द सोडून देण्याचे कारण नाही.

आक्षेपाला उत्तर : ठोकताळा टाकाऊ नाही, पण तो सिद्ध करावा लागतो. 1998 च्या डिसेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोगाचे आरोप मंजूर केले, ते शपथेवर खोटे बोलल्याचे आणि न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचे होते. विवाहबाह्य संबंध हा स्वतः आरोप नव्हता. पुढे सिनेटमध्ये ते दोषमुक्त झाले, हा भाग निराळा. सांगायचे इतकेच की, आरोप कागदावर उतरवण्याची वेळ आली तेव्हा तिथेही मोघम शब्द चालला नाही, नेमके कृत्य लिहावे लागले. शब्द रुंद करण्याला माझी हरकत नाही. मात्र तोवर वाचक त्याचा अरुंद अर्थच घेणार.

‘अनुभव’ या शब्दाविषयी : चर्चा एकाच खणात अडकली आहे, म्हणून शेजारच्याकडे वळतो. ‘अनुभव’ हा शब्द आपण पदांच्या यादीला लावतो, ही तितकीच मोठी गफलत आहे. अमेरिकेची राज्यघटना उमेदवाराकडून जन्मसिद्ध नागरिकत्व, 35 वर्षांचे वय आणि देशातले 14 वर्षांचे वास्तव्य एवढेच मागते. अनुभवाची अट तिच्यात नाही. जेम्स ब्युकॅनन हे प्रतिनिधिगृहात होते, सिनेटमध्ये होते, परराष्ट्रमंत्री होते, रशिया आणि ब्रिटन येथे राजदूत होते. तरी त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस सात राज्ये फुटून निघाली आणि इतिहासकार त्यांना तळाच्या राष्ट्राध्यक्षांत बसवतात. त्यांच्या जागी आलेल्या लिंकन यांच्यापाशी इलिनॉयच्या विधिमंडळातली काही वर्षे आणि प्रतिनिधिगृहातली एकच मुदत होती.

मराठीत या बाबतीत शब्दांची श्रीमंती आहे. ‘अनुभवी’ म्हणजे ज्याने काम केले आहे तो, ‘मुरलेला’ म्हणजे जो त्या वातावरणाचाच होऊन गेला आहे तो (यात किंचित संशयही असतो), आणि ‘कसलेला’ म्हणजे कसोटीला लागून उतरलेला. ब्युकॅनन मुरलेले होते, कसलेले नव्हते. 1960 मध्ये आठ वर्षांच्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या बळावर निक्सन उभे होते, तेव्हा त्यांची एखादी महत्त्वाची कल्पना आपण स्वीकारली का, असे पत्रकारांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना विचारले. आठवडाभर वेळ दिलात तर एखादी आठवेल, असे ते म्हणाले. प्रतिस्पर्ध्याने यापेक्षा बोचरे काय बोलावे! निव्वळ वयाबद्दल बोलायचे असेल तर ‘चार पावसाळे जास्त पाहिलेला’ हा प्रयोग पुरेसा आहे. 73 वर्षांचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 1984 च्या वादफेरीत 56 वर्षांचे प्रतिस्पर्धी मॉन्डेल यांच्या तारुण्याचे आणि अननुभवाचे आपण भांडवल करणार नाही, असे सांगून तो मुद्दा हसण्यावारी नेला होता.

‘धोरण’ या शब्दाविषयी : उमेदवाराला धोरण नसते, धोरण सत्ताधाऱ्याला असते. उमेदवारापाशी भूमिका असते आणि आश्वासने असतात. ज्येष्ठ जॉर्ज बुश यांनी 1988 च्या पक्ष-अधिवेशनात नवे कर लादणार नाही, असे ठासून सांगितले आणि 1990 मध्ये तूट आवरण्यासाठी काँग्रेसशी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेशी, तडजोड करून करवाढ मान्य केली. हिशेबाच्या दृष्टीने या निर्णयाचे समर्थन करता येते. परंतु 1992 च्या प्रचारात तो ‘धोरण बदलले’ म्हणून मांडला गेला नाही, ‘शब्द फिरवला’ म्हणून मांडला गेला, आणि ते हरले. वृत्तान्त लिहिणाऱ्याने या दोन क्रियापदांतले एक निवडले की त्याने निकालच दिलेला असतो, याचे भान ठेवावे.

मूळ प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल निम्म्या मतदारांना शंका आहे’ असे एक वाक्य माझ्यासमोर भाषांतरासाठी आहे. ते कसे लिहावे?

उत्तर : आधी पाहणीतला प्रश्न शोधा. अशा पाहण्यांत बहुधा उमेदवार प्रामाणिक आणि विश्वासार्ह वाटतो का, असे विचारलेले असते. तसे असेल तर ‘निम्म्या मतदारांना उमेदवार विश्वासार्ह वाटत नाही’ असे लिहा.