उयोआला नालायक म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

दर्यावर्दी:
काल इथे कुणीतरी लिहिलं की आंतोनियो दे उयोआ हा स्पॅनिश आरमारातला पुस्तकी माणूस, फ्रान्सने स्पेनला दिलेल्या लुइझियाना वसाहतीची गव्हर्नरकी त्याला झेपली नाही, तिथल्या राजधानीतल्या न्यू ऑर्लीन्सवाल्यांनी 1768 ला हाकललं ते बरंच झालं. डोकं फिरलं वाचून. अहो, 1766 ला तो तिथे उतरला तेव्हा सोबत शिपाई जेमतेम नव्वद, फ्रेंच सैनिक स्पेनची नोकरी करायला तयार नाहीत, तिजोरीत खडखडाट. 1769 ला स्पेनचा सेनापती ओरायली दोन हजार सैनिक घेऊन आला, बंडवाल्या पाच जणांना गोळ्या घातल्या, तेव्हा कुणी ब्र काढला नाही. मग चूक उयोआची की त्याला तसं पाठवणाऱ्यांची?

घाटवाट:
शिपाई कमी होते, मान्य. पण वागणं? पेरूहून बायको येणार म्हणून महिनोन्महिने मिसिसिपी नदीच्या मुखाशी बालिझला जाऊन बसला. राजधानीत ताबा घेतल्याचा साधा समारंभ नाही, कारभार जुन्या फ्रेंच गव्हर्नर ऑब्रीच्या आडून. वर व्यापारावर बंधनं. लोक चिडणारच ना.

जुनी वही:
तुम्ही दोघंही लुइझियानातच अडकलात. त्याआधी सहा वर्षं तो पेरूत उआंकावेलिकाच्या पाऱ्याच्या खाणीवर गव्हर्नर होता. तिथली चोरी पकडायला गेला तर खाणवाले, कारकून, लिमातले बडे सगळे उलटले, शेवटी यानेच मला इथून सोडवा म्हणून विनवण्या केल्या. माझे वडील सरकारी स्टोअरकीपर, सिमेंटच्या गोणी स्वतः मोजून घ्यायचे, म्हणून चार वर्षांत तीन बदल्या. दहावीला मी तिसऱ्या शाळेत होते. आई प्रत्येक वेळी मुकाट्याने भांडी बांधायची. सरळ माणसाला अपयशी म्हटलं की मला सहन होत नाही.

घाटवाट:
वडिलांबद्दल आदर आहे, पण त्या खाणीत उतरत कोण होतं? मिता नावाच्या वेठीच्या सक्तीने आणलेले गावकरी! पाऱ्याच्या वाफेने हातपाय थरथरायचे त्यांचे. तो पारा चांदी गाळायला, चांदी राजाला. सरळ होता, पण कुणाशी? कोरेहिदोर म्हणजे स्पॅनिश जिल्हा अधिकारी आणि पाद्री हे गावकऱ्यांना कसे पिळतात ते आरमारातल्या सोबती होर्हे हुआनबरोबर यानेच आधी लिहून दिलं होतं, म्हणजे सगळं माहीत असून तिथे बसला.

दर्यावर्दी:
लिहिलं म्हणूनच तुम्हाला आज कळतंय! 1826 ला लंडनला छापलं गेलं, तोवर सरकारने दाबून ठेवलेलं. आणि शत्रूनेसुद्धा मान दिलाय त्याला, 1745 ला इंग्रजांनी कैद केलं आणि पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटी या त्यांच्या विज्ञानसंस्थेचा फेलो केलं.

घाटवाट:
फेलोशिपने वेठ धुतली जात नाही.

जुनी वही:
वेठीचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण चोरांनी घालवलेल्या माणसाला नालायक म्हणू नका.

घाटवाट:
ठीक. नालायक शब्द मागे घेतो, लुइझियानापुरता. उआंकावेलिकाबद्दल नाही.